‘ट्रॅक अँड फील्ड न्यूज’ : पहिला कोण, हे वाद घालून ठरवणारे मासिक

२०२५ च्या जानेवारीत, सोलापूरच्या होम मैदानावर सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचे पाळणे उभे राहत होते त्याच दिवसांत, आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत एका अमेरिकन मासिकावरून वाद पेटला. ‘ट्रॅक अँड फील्ड न्यूज’ने नीरज चोप्राला २०२४ या वर्षातील जगातला पहिल्या क्रमांकाचा भालाफेकपटू ठरवले असून, पॅरिसमध्ये ९२.९७ मीटर भाला फेकून ऑलिम्पिक सुवर्ण नेणाऱ्या पाकिस्तानच्या अर्शद नदीमला मात्र पाचवे स्थान दिले आहे, अशी बातमी वर्तमानपत्रांत आली होती. गणिताचे सर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “ऑलिम्पिकचा विजेता पाचवा? हे कुठलं गणित वो सर?” शाळेत खेळ शिकवणारा मी एकटा आणि या मासिकाचा वर्गणीदारही मी एकटाच, त्यामुळे उत्तर देणे मला भाग होते. तेव्हा घाईत दिलेले उत्तर कोणालाच पटले नाही. ते नीट द्यायचे तर मासिकाचीच ओळख करून द्यावी लागते, म्हणून हे परीक्षण.

बर्ट नेल्सन आणि कॉर्डनर नेल्सन या दोन भावांनी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियात ॲथलेटिक्सला, म्हणजे धावणे, उड्या आणि फेकीच्या प्रकारांना, वाहिलेले हे मासिक सुरू केले. ते कोणत्याही क्रीडा महासंघाचे मुखपत्र नाही, आणि हीच त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. जवळजवळ सत्तर वर्षे ते कागदावर छापले जात होते. २०१७ अखेरीस छपाई थांबली आणि तेव्हापासून ते केवळ इंटरनेटवर, वर्गणीदारांसाठी निघते. स्वतःला ‘या खेळाचे बायबल’ म्हणवून घेण्याची त्याची जुनी सवय आहे आणि आपल्याकडे ती थोडी आढ्यतेची वाटेल. पण ज्या काळात एखाद्या देशातील शर्यतीचा निकाल दुसऱ्या देशात पत्रानेच कळत असे, त्या काळात जगभरच्या आकडेवारी जमवणाऱ्या हौशी मंडळींना या मासिकाने एकत्र जोडून ठेवले होते, हे लक्षात घेतले की त्या आढ्यतेचे फारसे काही वाटत नाही. इटलीचे रोबेर्टो क्वेर्चेतानी हे त्या मंडळींतले अग्रणी. १९५० मध्ये ॲथलेटिक्सच्या आकडेतज्ज्ञांची जी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांपैकी ते एक होत.

मासिकाचा प्राण म्हणजे दरवर्षी हंगाम संपल्यावर प्रसिद्ध होणारी जागतिक क्रमवारी. पुरुषांसाठी ती १९४७ च्या हंगामापासून चालत आली आहे. प्रत्येक प्रकारात पहिले दहा जण निवडले जातात आणि निवडीचे निकष तीन असतात, तेही ठरलेल्या क्रमाने : मोठ्या स्पर्धांत मिळवलेले मान, मग एकमेकांविरुद्धची हार-जीत, आणि सर्वांत शेवटी वर्षभरातील कामगिरीची मालिका. एखाद्याने वर्षातला सर्वांत लांब भाला फेकला किंवा सर्वांत कमी वेळ नोंदवला, एवढ्यावर त्याला पहिला क्रमांक मिळत नाही. आपल्याकडे शाळेच्या फलकापासून वर्तमानपत्राच्या मथळ्यापर्यंत सर्वत्र ‘विक्रम’ हा एकच शब्द चालतो. त्यामुळे वेळ आणि अंतर यांना तिसऱ्या पायरीवर बसवणारी ही पद्धत प्रथम वाचली तेव्हा मलाही खटकली होती.

आता नीरजचेच उदाहरण घेऊ. २०२४ मध्ये त्याचा खरा सामना ग्रेनाडाच्या अँडरसन पीटर्सशी होता आणि दोघे पाच वेळा समोरासमोर आले. मे महिन्यात दोहाला नीरजने ८८.३६ मीटर फेक केली आणि पीटर्स त्याच्या मागे राहिला. जूनमध्ये फिनलंडमधील पावो नुर्मी स्पर्धा नीरजने ८५.९७ मीटरवर जिंकली, तेथेही पीटर्स मागेच. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नीरज ८९.४५ मीटरसह दुसरा आणि पीटर्स ८८.५४ मीटरसह तिसरा आला. त्यानंतर पारडे फिरले : लोझानला पीटर्सने ९०.६१ मीटर फेकून नीरजच्या ८९.४९ मीटरवर मात केली, आणि सप्टेंबरमध्ये डायमंड लीग या वार्षिक आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिकेच्या ब्रुसेल्समधील अंतिम स्पर्धेत ८७.८७ विरुद्ध ८७.८६, म्हणजे अवघ्या एका सेंटिमीटरने, नीरज हरला. त्या दिवशी त्याच्या डाव्या हाताचे हाड मोडलेले होते, पण क्रमवारी हाड पाहत नाही, निकाल पाहते. बेरीज तीन विरुद्ध दोन, त्यात ऑलिम्पिकमधील वरचे स्थान नीरजकडे. म्हणून नीरज पहिला. नदीमने त्या वर्षी ऑलिम्पिकखेरीज फक्त पॅरिसची डायमंड लीग खेळली आणि तेथे ८४.२१ मीटरवर तो चौथा आला होता. संपूर्ण हंगामाचा हिशेब मांडायचा म्हटले की एका अलौकिक संध्याकाळच्या बळावर पहिला क्रमांक देता येत नाही, असे मासिकाचे म्हणणे.

नदीम पहिला नाही, हे मला पटते. तो पाचवा आहे, हे मात्र पटत नाही. त्या वर्षी नीरज आणि नदीम एकदाच आमनेसामने आले आणि त्या एकमेव लढतीत नदीम जिंकला, शिवाय पहिला निकष जर मानाचा असेल, तर ऑलिम्पिक सुवर्णाहून मोठा मान ॲथलेटिक्समध्ये नाही. माझ्या हाती लेखणी असती तर मी त्याला तिसरा ठेवला असता. पण असा वाद मला घालता येतो, हाच या मासिकाचा मोठा गुण आहे. निकष उघड आहेत, लढती उघड आहेत, संपादकांनी कोणत्या गोष्टीला किती वजन दिले हे ताडून पाहता येते आणि सोलापुरात बसून त्यांना चूक म्हणता येते. याउलट जागतिक महासंघाची स्वतःची क्रमवारी पाहा. प्रत्येक निकालाला गुण, स्पर्धेच्या दर्जानुसार स्थानाचे आणखी गुण, बहुतेक प्रकारांत अशा पाच उत्तम कामगिरींची सरासरी, आणि दर आठवड्याला नवी यादी. ऑलिम्पिकच्या पात्रतेसाठी ती उपयोगाची असेलही. पण तिच्याशी भांडता येत नाही, तिची फक्त बेरीज तपासता येते.

ही गोष्ट माझ्या किती कामी आली, ते सांगतो. आमच्या शाळेचे मैदान मातीचे, त्यावर फक्की मारून आखलेली २०० मीटरची फेरी, म्हणजे ४०० मीटरला दोन फेऱ्या. जिल्हा स्पर्धेसाठी सतरा वर्षांखालील गटात ४०० मीटरला एका मुलाची जागा शिल्लक होती आणि दावेदार दोघे होते. एकाची हातघड्याळावरची उत्तम वेळ ५६.८ सेकंद, दुसऱ्याची ५७.४. एरवी मी डोळे झाकून पहिल्याचे नाव लिहिले असते. पण त्या वर्षी मी या मासिकाच्या नादाने एक वही घातली होती, आणि तिच्यात दोघे एकत्र धावलेल्या सहा शर्यतींच्या सहा ओळी होत्या. त्यांतल्या चार दुसऱ्याने जिंकल्या होत्या. ५६.८ ही वेळ पहिल्याने एका थंड सकाळी, एकट्याने धावताना दिली होती. मानाचा निकष दोघांनाही लागू नव्हता, कारण मान असा कोणाकडेच नव्हता. मग दुसरा निकष लावला आणि दुसऱ्याचे नाव लिहिले.

दोन दिवसांनी पहिल्या मुलाचे वडील भेटायला आले. यंत्रमाग कारखान्यात काम करणारे गृहस्थ. पाळी संपवून थेट आलेले, बाहीवर अजून सुताचा कापूस चिकटलेला. म्हणाले, “सर, घड्याळात तर माझंच पोरगं पुढं हाय की वो.” मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एकेका ओळीवर बोट ठेवून सहाही ओळी वाचल्या, चार नि दोन असे स्वतःच मोजले, आणि मग असा प्रश्न विचारला, जो मला सुचला नव्हता : “मग ह्या दोनदा कसं काय जिंकलं त्यानं?” तारखा पाहिल्या. दोन्ही सोमवार. रविवारी कारखाना बंद असतो, त्यामुळे आदल्या रात्री पोरगा आईबरोबर कांड्या भरायला बसलेला नव्हता आणि पुरेसा झोपून आला होता. निवड मी बदलली नाही. निवडलेला मुलगा जिल्ह्याच्या अंतिम फेरीत चौथा आला. पण न निवडलेल्या त्या पहिल्या पोराचा सराव मी सकाळऐवजी संध्याकाळी घ्यायला लागलो, आणि वहीत आता कोण जिंकले याच्या शेजारी आदल्या रात्रीची झोपही लिहितो. कॅलिफोर्नियातील संपादकांच्या निकषांत हा रकाना नाही.

मासिकाचे दुसरे बलस्थान म्हणजे निकाल वाचायला शिकवणे. ७ जुलै २०२४ ला पॅरिसमध्ये झालेली डायमंड लीग घ्या. त्या एका दिवसात युक्रेनच्या यारोस्लाव्हा माहुचिखने २.१० मीटर उंच उडी मारून स्टेफ्का कोस्टाडिनोव्हाचा १९८७ पासूनचा २.०९ मीटरचा जागतिक विक्रम मोडला आणि केनियाच्या फेथ किपयेगॉनने १५०० मीटरमध्ये ३ मिनिटे ४९.०४ सेकंदांचा नवा विक्रम केला. आपल्यासाठी त्या दिवसाची बातमी वेगळी होती : बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेने ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला. मराठी मथळ्यांत ‘साबळेचा विक्रम’ आला आणि तो योग्यच होता. निकालाच्या स्तंभात मात्र तोच साबळे सहावा दिसतो, आणि त्याच्या वर एक इथिओपियन आणि एक केनियन असे दोन धावपटू ८ मिनिटे २.३६ सेकंद या एकाच वेळेवर, केवळ छायाचित्रावरून पहिले-दुसरे ठरलेले दिसतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मथळा वाचणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याला वाटते की साबळे आता जग जिंकायला निघाला. स्तंभ वाचणाऱ्याला कळते की शेवटच्या टप्प्यात अजून सात-साडेसात सेकंद कमी करायचे आहेत, आणि अठ्ठावीस अडथळे व सात पाण्याच्या उड्या असलेल्या त्या शर्यतीत ते किती अवघड आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत हाच साबळे ०.०५ सेकंदाने सुवर्णाला मुकला होता, ही आठवण त्या आकड्यांना आणखी धार आणते.

आकड्यांची ही भाषा सुरुवातीला अंगावर येते, हे कबूल केले पाहिजे. वेळेपुढे एक अक्षर आले की वाऱ्याची मदत मर्यादेबाहेर, म्हणजे सेकंदाला २ मीटरहून अधिक होती असे समजायचे. दुसरे अक्षर आले की स्पर्धा समुद्रसपाटीपासून १००० मीटरहून उंच ठिकाणी झाली होती. (सोलापूर त्याच्या निम्म्यावरही पोहोचत नाही, त्यामुळे विरळ हवेची सबब आम्हाला नाही, मे महिन्यातल्या उन्हासाठी एखादे अक्षर असते तर ते आम्ही रोज वापरले असते.) सेकंदांपुढे एकच दशांश स्थळ असेल तर ती हातघड्याळाची वेळ, दोन असतील तर विद्युत यंत्राची. हा फरक साधा वाटतो, पण १०० मीटरला हातघड्याळाची वेळ विद्युत वेळेशी ताडताना तिच्यात ०.२४ सेकंद मिळवण्याचा प्रघात आहे, कारण पिस्तुलाचा आवाज ऐकून बोट हलेपर्यंत धावपटू निघालेला असतो. आमच्या जिल्ह्यात ‘११.२ धावतो’ म्हणून मिरवलेली कितीतरी पोरे विभागीय स्पर्धेत जाऊन ११.५ वर येतात आणि घरी येऊन सांगतात की तिथला ट्रॅक खराब होता. ट्रॅक चांगला असतो. खोटा पडलेला असतो तो आमचा अंगठा.

मिल्खा सिंग यांची गोष्टही याच चष्म्यातून वाचावी लागते. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमधील त्यांची ४०० मीटरची वेळ कोठे ४५.६ दिसते तर कोठे ४५.७३, आणि आमच्या विद्यार्थ्यांना वाटते की यातील एक चूक आहे. पहिली हाताची, दुसरी यंत्राची, धाव एकच. अशा जुन्या निकालांत शिरायचे असेल, तर मासिकाच्या जुन्या अंकांचा संग्रह हे एक घबाड आहे, आणि अधिक वर्गणी भरून तो उघडता येतो. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमधील ८०० मीटरची अंतिम फेरी मी तेथे तब्येतीने वाचली. भारताच्या श्रीराम सिंग यांनी पहिली फेरी ५०.८५ सेकंदांत आघाडीवर राहून नेली. त्या वेगावर स्वार होऊन क्युबाच्या आल्बेर्तो हुआंतोरेनाने १ मिनिट ४३.५० सेकंदांचा जागतिक विक्रम केला आणि श्रीराम सातवे आले. त्यांची १ मिनिट ४५.७७ सेकंद ही वेळ भारतीय विक्रम म्हणून २०१८ पर्यंत टिकली. सातव्या क्रमांकाची ही कहाणी मी वर्गात पदकांच्या कुठल्याही कहाणीपेक्षा अधिक वेळा सांगितली आहे.

आता उणिवा. हे अमेरिकन मासिक अमेरिकन वाचकांसाठी निघते आणि वर्षाचे कित्येक महिने ते तिथल्या महाविद्यालयांच्या आणि शाळकरी मुलांच्या स्पर्धांनी भरलेले असते. टेक्सासच्या एखाद्या शाळकरी मुलाच्या लांब उडीत मला किती रस असावा? भारतातील राष्ट्रीय स्पर्धांची वा आपल्या शालेय स्पर्धांची दखल शोधायला तेथे जाऊच नये. नाशिक जिल्ह्यातील सर्वेश कुशारे २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत उंच उडीच्या अंतिम फेरीत पोहोचणारा पहिला भारतीय ठरला आणि २.२८ मीटरसह सहावा आला. या यशाचे मराठी मोल आपले आपणच सांगावे लागते. शिवाय मीटरच्या शेजारी फूट-इंच देण्याचा मासिकाचा हट्ट सुटलेला नाही. कुशारेची तीच उडी तेथील हिशेबाने सात फूट पावणेसहा इंच होते. आमच्या जुन्या पिढीतल्या वाचकांना हे आवडेलही, पण मोबाइलच्या पडद्यावर आधीच दाटीने बसलेल्या तक्त्यात आकड्यांचा आणखी एक थर डोळ्यांना त्रास देतो. इंग्रजीही सोपी नाही. वाक्ये तोडलेली, संक्षेपांनी भरलेली, आणि हा खेळ तुम्हाला ठाऊकच आहे असे गृहीत धरणारी. दहावीच्या मुलाच्या हातात ती देता येत नाही; आधी आपण वाचून मग सांगावे लागते. लेखांबरोबरच्या मुलाखती मात्र याला अपवाद आहेत, त्या निवांत आणि वाचनीय असतात. मोठ्या स्पर्धेपूर्वी प्रत्येक प्रकारातील पहिल्या दहांचे भाकीत देण्याची प्रथाही मजेची आहे. आम्ही शिक्षकखोलीत चहाच्या पैजेवर ते तपासतो.

वर्गणी डॉलरमध्ये भरावी लागते, आणि येथे नवख्याने सावध असावे. माझे पैसे तीनदा परत आले. बँकेच्या शाखेत जाऊन विचारले, तर खिडकीमागच्या तरुणाने दोन वेळा खात्यात शिल्लक पाहायला सांगितले आणि तिसऱ्या वेळी त्याच्या लक्षात आले की कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ते मोबाइलवरून आपणच सुरू करायचे असतात. हे काम अर्ध्या मिनिटाचे होते. त्यासाठी माझी एक अर्धी रजा गेली. एकट्याने वर्गणी भरण्यापेक्षा महाविद्यालयाच्या क्रीडा विभागाने किंवा तीन-चार क्रीडाशिक्षकांनी मिळून खर्च वाटून घेणे बरे, मात्र प्रवेशासाठीचा परवलीचा शब्द वाटून घेण्याबाबत मासिकाचे नियम आधी वाचावेत. ज्यांना फक्त निकाल हवे आहेत, त्यांना जागतिक महासंघाचे संकेतस्थळ फुकट पुरेसे आहे. ज्यांना निकालाचा अर्थ हवा आहे, जे मुले निवडतात, संघ पाठवतात, किंवा पंच म्हणून घड्याळ हातात धरतात, त्यांनी निदान एक वर्ष हे मासिक घेऊन पाहावे. जानेवारीच्या क्रमवारीपासून सुरुवात केली तर उत्तम.

दुसऱ्या वर्षी मी ही वर्गणी शाळेच्या ग्रंथालयाच्या नावाने मागितली. मुख्याध्यापकांनी मंजुरी दिली. अडचण आली ती ग्रंथपाल मॅडमच्या दाखल नोंदवहीत. नियतकालिकाची नोंद अंक हातात आल्यावरच करायची असा नियम, आणि येथे हातात येणारा अंकच नाही. “सर, शिक्का कशावर मारू?” असे त्यांनी विचारले तेव्हा मलाही उत्तर सुचेना. शेवटी दर महिन्याला मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका छापून देण्याचे ठरले. जानेवारीच्या अंकाला मी भालाफेकीच्या क्रमवारीचे पानही जोडले. त्यावर नदीमच्या नावापुढे गणिताच्या सरांनी शिसपेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे, आणि शाळेचा गोल शिक्का नेमका त्या प्रश्नचिन्हावर बसला आहे.